चूडामह आणि उपालि

भारहुतच्या स्तूपाचे अवशेष अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ साली उजेडात आणले. त्यांतील, इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील एका स्तंभावर देवांची सुधम्मा सभा कोरलेली आहे. तो स्तंभ कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. सभेतील आसनावर बुद्धमूर्ती नाही. तेथे आहे केवळ सिद्धार्थाचे केसांसह उतरलेले पागोटे. सोबतचा ब्राह्मी लेख या उत्सवास ‘चूडामह’ म्हणतो.

निदानकथेनुसार सिद्धार्थाने खड्गाने केस व पागोटे एकत्रच छेदून आकाशात फेकले आणि शक्राने ते रत्नकरंडकात झेलले. हा श्रद्धेचा अलंकार होय, इतिहास नव्हे. तथापि त्यागिलेल्या राजचिन्हाचीच पुन्हा पूजा व्हावी, हे विचार करण्याजोगे आहे.

विनयाची दृष्टी निराळी आहे. चुल्लवग्गात भिक्षूंना अलंकार वर्ज्य आहेत. केस दोन महिने अथवा दोन अंगुळे यांपलीकडे वाढवू नयेत, ते फणीने वा तेलाने चापूनचोपून बसवू नयेत, असा नियम आहे. त्याच ग्रंथात भद्दिय, अनुरुद्ध, आनंद आदी सहा कुमारांची कथा येते. त्यांनी आपले अलंकार उतरवून त्यांचे गाठोडे उपालि न्हाव्यास दिले. उपालिने ते झाडाला टांगले व तोही त्यांच्यामागे निघाला. तेव्हा कुमारांनीच भगवंतांस विनविले : यास प्रथम प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्ही यास वंदन करू व आमचा शाक्यकुलाचा अभिमान गळून पडेल. भगवंतांनी तसेच केले.

पुढे राजगृहाच्या प्रथम संगीतीत महाकस्सपांनी विनयाविषयी प्रश्न विचारले, ते या उपालिलाच. केसांचा तो नियमही, परंपरेनुसार, एका न्हाव्याच्या मुखातून संघास मिळाला आहे.