मोबाइलची स्क्रीन एका बाजूला हिरवट का दिसते? समजून घ्या ओएलईडीमधल्या रंगांचं गणित

येवल्याच्या दुकानातून व्हॉट्सॲपवर पैठणीचा फोटो येतो. नाशिकमधल्या एका घरात तो दोन फोनवर पाहिला जातो. एकावर साडी गर्द जांभळी दिसते, दुसऱ्यावर वांगी. मग खरा रंग कोणता?

यात दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन फोनवर रंग वेगळा दिसतो, कारण प्रत्येक कंपनी स्क्रीनचे रंग आपापल्या पद्धतीने ठरवते. शिवाय फोटो काढतानाचा उजेडही फरक पाडतो. पण एकाच स्क्रीनवर करडा रंग डावीकडे गुलाबी आणि उजवीकडे हिरवट दिसत असेल, तर तो स्क्रीनमधल्या रंगांच्या असमानतेचा प्रश्न आहे. या उद्योगात अशा डागांना ‘मुरा’ म्हणतात. हा जपानी शब्द असून त्याचा अर्थ असमानपणा.

ओएलईडी स्क्रीन चालते कशी?

एलसीडी स्क्रीनच्या मागे एक दिवा असतो. ओएलईडीत तसा दिवा नसतो. तिथे लाल, हिरवा आणि निळा असा प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाश देतो. म्हणूनच ओएलईडीवर काळा रंग खरोखर काळा दिसतो, कारण तिथले ठिपके चक्क बंद असतात.

आजच्या ओएलईडीचा पाया 1987 मध्ये घातला गेला. अमेरिकेतल्या ईस्टमन कोडॅक कंपनीतले चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थांचे अतिशय पातळ थर वापरून कमी व्होल्टेजवर चमकणारं उपकरण बनवलं.

मग गडबड कुठे होते?

1. थरांची जाडी: निर्वात कक्षात सेंद्रिय पदार्थ तापवून त्याची वाफ काचेवर बसवली जाते. मोबाइलच्या स्क्रीनसाठी मध्ये बारीक छिद्रांची धातूची जाळी धरतात, म्हणजे प्रत्येक रंग ठरलेल्या जागीच बसतो. हे थर केसाच्या तुलनेत शेकडो पटींनी पातळ असतात. जाडी काही नॅनोमीटरने बदलली किंवा जाळी किंचित सरकली, तरी रंगाची छटा बदलू शकते.

2. ट्रान्झिस्टर: ठिपका किती उजळेल हे त्यातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहावर ठरतं. तो प्रवाह ठिपक्यामागचे सूक्ष्म ट्रान्झिस्टर सोडतात. लाखो ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे बनवणं अवघड असतं. ब्राइटनेस कमी केला की प्रवाह अगदी थोडा उरतो आणि हा लहानसा फरकही ठळक होतो. म्हणूनच रात्री अंधारात हिरवट झाक जास्त जाणवते.

3. वीजपुरवठा: स्क्रीनच्या एका टोकाकडून दुसरीकडे जाताना व्होल्टेज थोडं घटतं. शेताच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत पाण्याचा जोर कमी व्हावा, तसंच हे. त्यामुळे दूरचा भाग मंद पडू शकतो.

4. वय: तिन्ही रंग एका वेगाने झिजत नाहीत. निळा सर्वात लवकर मंदावतो. कीबोर्ड किंवा स्टेटस बार कायम एकाच जागी दिसत राहिला की तिथले ठिपके जास्त झिजतात आणि त्याची सावली उमटते. यालाच ‘बर्न-इन’ म्हणतात.

कंपन्या यावर काय उपाय करतात?

पहिला उपाय प्रत्येक ठिपक्यामागच्या सर्किटमध्ये असतो. तिथे जादा ट्रान्झिस्टर बसवून मूळ ट्रान्झिस्टरमधला फरक भरून काढला जातो. टीव्हीसारख्या मोठ्या पॅनलमध्ये बाहेरचं सर्किट ठिपक्यांची स्थिती मोजून त्यानुसार प्रवाह कमी-जास्त करतं.

दुसरा उपाय म्हणजे ‘डी-मुरा’. तयार पॅनलवर वेगवेगळ्या छटा दाखवून अचूक कॅमेऱ्याने फोटो काढतात. कुठला भाग किती मंद किंवा किती हिरवट आहे याचा तक्ता तयार होतो आणि तो मेमरीत साठवला जातो. पुढे प्रत्येक चित्र दाखवताना या तक्त्याप्रमाणे दुरुस्ती होत राहते.

निळा लवकर झिजतो, म्हणून अनेक मोबाइल स्क्रीनमध्ये निळा ठिपका हिरव्यापेक्षा मोठा ठेवतात. क्षेत्रफळ मोठं असलं की तेवढ्याच उजेडासाठी त्याच्यावर ताण कमी येतो.

महाराष्ट्राचा संबंध काय?

भारतात मोबाइलची जुळणी होते, पण त्यातले ओएलईडी पॅनल प्रामुख्याने दक्षिण कोरिया आणि चीनमधून येतात. डिस्प्ले आणि सेमीकंडक्टर उद्योग देशात उभा राहावा म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये 76,000 कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला.

संशोधन मात्र राज्यात आधीपासून सुरू आहे. नागपूर विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे संशोधक संजय ढोबळे आणि एन. थेजो कल्याणी यांचा ओएलईडी प्रकाशयोजनेचा आढावा घेणारा शोधनिबंध 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. या विषयावरच्या 2017 मधल्या इंग्रजी ग्रंथाचेही ते सहलेखक आहेत. प्रकाश देणारा पदार्थ जितका टिकाऊ, तितके रंग जास्त काळ सारखे राहतात.

स्क्रीन कशी तपासाल?

फोन नवा असो किंवा नाशिकच्या एमजी रोडवर स्क्रीन बदलून घेतलेला, ही तपासणी दोन मिनिटांत होते:

- अंधाऱ्या खोलीत ब्राइटनेस अगदी कमी करा आणि गडद करड्या रंगाचं कोरं चित्र पूर्ण स्क्रीनवर उघडा. डाग, पट्टे किंवा हिरवट कोपरा दिसतो का बघा.
- मग पांढरं चित्र पूर्ण ब्राइटनेसवर बघा. कीबोर्डच्या जागी सावली दिसत असेल तर ती झीज आहे.
- फोन तिरका धरल्यावर छटा थोडी बदलते. हा दोष नाही, ओएलईडीचा स्वभाव आहे.
- स्क्रीनवर सरळ उभी हिरवी रेघ आली असेल, तर तो मुरा नाही. बहुतेक वेळा जोडणी किंवा सर्किट बिघडल्याने ती येते. सेटिंग बदलून ती जात नाही.

अगदी कमी ब्राइटनेसवरच दिसणारी पुसट झाक बऱ्याच फोनमध्ये असते. रोजच्या वापरातही ती खटकत असेल, तर फोन परत करण्याची मुदत संपायच्या आत तक्रार करा. स्क्रीन बदलून घेत असाल, तर ही तपासणी पैसे देण्याआधी दुकानातच करा. आणि पैठणीचा रंग? तो ठरवायचा असेल, तर विणकराकडून दिवसाच्या उजेडातला फोटो मागवा, आणि तोही एकापेक्षा जास्त फोनवर बघा.