शब्दबोध : ‘ग्रो अप’ म्हणजे मोठे होणे, पण शहराच्या बाबतीत?

झाशी : इंग्रजीतील ‘ग्रो अप’ या जोडक्रियापदाचा पहिला अर्थ बालपणातून प्रौढ वयात येणे हा आहे. मराठीत त्यासाठी ‘लहानाचे मोठे होणे’ हा नेमका वाक्प्रचार आहे. राणी लक्ष्मीबाई यांचा जन्म वाराणसीचा. त्यांच्या बिठूर येथील बालपणाविषयी इंग्रजी चरित्रकार ‘ग्रू अप’ असे लिहितो, तेथे मराठी लेखक ‘बिठूरला लहानाच्या मोठ्या झाल्या’ असे लिहील. १८४२ मध्ये गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी विवाह होऊन त्या झाशीस आल्या.

हे क्रियापद अकर्मक आहे. त्यामुळे मुलांना वाढवण्यासाठी ‘ब्रिंग अप’ वापरतात. किमती वाढल्या, तर ‘गो अप’ म्हणतात. आज्ञार्थी ‘ग्रो अप’ हा मोठ्या माणसाला उद्देशून काढलेला टोमणा असतो. ‘पोरकटपणा सोडा’ हा त्याचा भावार्थ.

दुसरा अर्थ गावे, शहरे व प्रथा यांना लागू होतो : हळूहळू उदयास येणे. ‘किल्ल्याभोवती शहर ग्रू अप झाले’ या धर्तीच्या वाक्याचे भाषांतर बहुधा ‘शहर वसले’ असे केले जाते. झाशीच्या बाबतीत मात्र ते अपुरे ठरते.

झाशीचा किल्ला ओरछाचे राजे वीरसिंहदेव बुंदेला यांनी १६१३ मध्ये बांधला. १७४२ च्या सुमारास मराठ्यांचे सुभेदार नारोशंकर येथे आले. त्यांनी किल्ल्याचा विस्तार केला. तो भाग शंकरगड म्हणून ओळखला जातो. मराठ्यांनी येथे शहर वसवले आणि त्यासाठी ओरछातील रहिवासी आणले, अशी नोंद ब्रिटिशकालीन इंग्रजी संदर्भग्रंथांत आहे. म्हणजे हे शहर आपोआप वाढले नाही. एक गाव उणे झाले, तेव्हा दुसरे भरले.

‘ग्रो अप’ या प्रयोगात कर्ता दिसत नाही. मराठीत ‘वसणे’ आणि ‘वसवणे’ अशी दोन क्रियापदे असल्याने हा भेद एका अक्षराने दाखवता येतो. म्हणून भाषांतर करताना शब्दकोशाबरोबर इतिहासही पाहावा. वस्ती आपसूक झाली असेल, तर ‘वसली’. कोणी केली हे ठाऊक असेल, तर ‘वसवली’ असे लिहून त्याचे नाव द्यावे.