प्रवाहमर्यादेचा उपेक्षित इतिहास : टेस्ला वेटोळे आणि भाईंदरचा लोहमार्ग

विद्युतशास्त्राच्या इतिहासलेखनात ठिणगीला जेवढे स्थान मिळाले, तेवढे तिला आवर घालणाऱ्या साधनांना मिळालेले नाही. निकोला टेस्ला यांनी १८९१ मध्ये सिद्ध केलेले वेटोळे हे याचे ठळक उदाहरण होय. त्यात उच्चदाब रोहित्र धारित्राला भारित करते व ठिणगी-फटीतून ते रिते होते. मात्र फट पेटलेली असताना रोहित्राची दुय्यम बाजू जवळजवळ लघुमंडलित होते. शिवाय विद्युतज्योतीत प्रवाह वाढला की दाब घटतो. हर्था एअरटन यांच्या १९०२ च्या ‘द इलेक्ट्रिक आर्क’ या ग्रंथात या संबंधाची सविस्तर चिकित्सा आढळते. सबब प्रवाहाला बाहेरूनच बांध घालावा लागतो.

मालिकेत रोध जोडल्यास ऊर्जा उष्णतेत वाया जाते. प्रत्यावर्ती प्रवाहात लोहगाभ्याचा चोक जोडल्यास ही नासाडी अत्यल्प होते. जुन्या ट्यूबलाइटचा चोक याच तत्त्वावर चाले. जॉर्ज क्लोद यांनी १९१० मध्ये पॅरिस येथे निऑन दिवे प्रदर्शित केले. पुढे निऑन पाट्यांसाठी जी रोहित्रे रूढ झाली, त्यांत वेगळ्या चोकची गरजच उरली नाही. गाभ्यातील चुंबकीय उपमार्गामुळे १५,००० व्होल्टचे रोहित्र लघुमंडलित झाले तरी प्रवाह ३० मिलिअँपिअरच्या आसपास रोखला जातो. हौशी प्रयोगकर्त्यांची पसंती त्यांना मिळाली ती यामुळेच. वितरण रोहित्रात अशी अंगभूत मर्यादा पुरेशी नसते. त्याच्या प्राथमिक बाजूस चोक जोडणे अपरिहार्य ठरते. अर्थात ही मर्यादा रोहित्राचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. ३० मिलिअँपिअरही प्राणघातक ठरू शकतात, हे महाविद्यालयीन प्रदर्शनांत अनेकदा विसरले जाते.

हाच प्रश्न मीरा-भाईंदर परिसरात रेल्वेच्या रूपाने अवतरला. येथे ठिणगीच्या जागी मोटर होती. कुलाबा-बोरिवली मार्गाचे विद्युतीकरण जानेवारी १९२८ मध्ये झाले. १९३६ मध्ये ते विरारपर्यंत पोहोचले आणि भाईंदर १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहाच्या पट्ट्यात आले. स्थिर मोटरमध्ये विरोधी दाब निर्माण झालेला नसल्याने सुरुवातीचा प्रवाह बेसुमार वाढू शकतो. स्थिर एकदिश प्रवाहाला चोक रोखू शकत नाही. म्हणून गाडी सुटताना रोध मालिकेत जोडून ते टप्प्याटप्प्याने वगळले जात. भाईंदरहून गाडी सुटताना काही वीज अशी उष्णतेतच जाई. या पद्धतीला मागासलेपण म्हणणे अन्यायाचे आहे. वारंवार थांबणाऱ्या गाड्यांना एकदिश प्रवाहाची मालिका-मोटर अनुकूल होती आणि त्या निवडीबरोबरच रोधही स्वीकारावे लागले.

चर्चगेट-विरार मार्गावरील २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती प्रणालीचे परिवर्तन फेब्रुवारी २०१२ मध्ये पूर्ण झाले. तेव्हापासून उच्चदाब रोहित्र गाडीबरोबरच धावते आणि मोटरच्या प्रवाहावर अर्धवाहक उपकरणांचे नियंत्रण असते.