व्हिऑन्ये द्राक्षाचा ऱ्हास आणि प्रसार : एक ऐतिहासिक आढावा

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत पांढऱ्या वाइनच्या जागतिक व्यापारावर शार्दोने या द्राक्षजातीचे वर्चस्व प्रस्थापित झाले. त्याला कंटाळलेल्या पाश्चात्त्य ग्राहकांमध्ये १९९० च्या दशकात ‘शार्दोने सोडून काहीही’ अशी घोषणाच रूढ झाली. या शोधात जे पर्याय पुढे आले, त्यांत फ्रान्समधील व्हिऑन्ये या जातीचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. आज माफक किमतीतही मिळणारी ही वाइन १९६० च्या दशकात नामशेष होण्याच्या बेतात होती. तिचा ऱ्हास आणि प्रसार या दोहोंच्या मुळाशी द्राक्षाच्या गुणवत्तेपेक्षा जमीन व श्रम यांचे अर्थकारण होते, असे दिसून येते.

लिओं शहराच्या दक्षिणेस, ऱ्होन नदीच्या उजव्या काठावरील काँद्रिय हे गाव या जातीचे माहेर होय. रोमन सम्राट प्रोबस याने इ. स. २८१ मध्ये ती दाल्मेशियातून आणली, अशी आख्यायिका आहे. तिला पुराव्याचा आधार नाही. युरोपातील जुन्या द्राक्षमळ्यांना एखादा रोमन सम्राट बहुधा लागतोच. जनुकीय संशोधनाने मात्र तिचे नाते त्याच खोऱ्यातील काळ्या सिरा द्राक्षाशी जोडले आहे.

काँद्रियचे मळे ग्रॅनाइटच्या उभ्या चढावर, दगडी बांध घालून केलेल्या अरुंद पायऱ्यांवर आहेत. पावसाने वाहून गेलेली माती पुन्हा वर न्यावी लागते, ढासळलेले बांध हाताने रचावे लागतात. तेथे यंत्राला वाव नाही. त्यातच या जातीची फळधारणा बेभरवशाची आणि उत्पन्न कमी. जर्दाळू व पीच यांची आठवण करून देणारा तिचा सुगंध पूर्ण पक्वतेनंतरच येतो आणि नेमकी त्याच वेळी आम्लता झपाट्याने घटते. परिणामी तोडणीसाठी मोजकेच दिवस हाती असतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलॉक्सेरा किडीने हे मळे उद्ध्वस्त केले. पहिल्या महायुद्धाने कष्टकरी तरुण नेले. पुढे खोऱ्यातील कारखान्यांची नियमित मजुरी आणि सपाट जमिनीवरील फळबागा यांच्यापुढे चढावरची द्राक्षशेती परवडेनाशी झाली. शातो ग्रिये या चिमुकल्या मळ्याला १९३६ मध्ये आणि काँद्रियला १९४० मध्ये स्थाननामाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. परंतु कायद्याने नावाचे रक्षण झाले, बांधांचे नव्हे. १९६८ च्या कृषिगणनेत फ्रान्समध्ये या जातीखाली अवघे १४ हेक्टर, म्हणजे जेमतेम ३५ एकर क्षेत्र उरले होते.

ही जात टिकली याचे श्रेय प्रामुख्याने जॉर्ज व्हेर्ने (१९२६-२०१७) यांना दिले जाते. १९५३ मध्ये वडिलोपार्जित मळा हाती घेतल्यावर त्यांनी पडीक पायऱ्या पुन्हा लागवडीखाली आणल्या आणि शेजाऱ्यांनाही तसे करण्यास प्रवृत्त केले.

यानंतरचा विस्तार मात्र मायभूमीबाहेर झाला. ऑस्ट्रेलियात यलम्बा या कंपनीने १९८० मध्ये ईडन व्हॅलीत १.२ हेक्टरवर लागवड केली. कॅलिफोर्नियात जोश जेन्सन यांनी १९८३ मध्ये कलेरा येथे तिची रोपे लावली. दक्षिण फ्रान्समधील लांगदोक प्रदेशात तर ती सपाट, यंत्राने तोडणी करता येणाऱ्या जमिनीवर गेली. वाइन स्वस्त झाली ती येथे. अर्थात स्वस्ताईची किंमतही असते : भरमसाट उत्पन्न घेतल्यास सुगंध फिका पडतो, तोडणी लांबल्यास वाइन जड व बोजड होते. शिवाय ही वाइन बहुधा ताजीच चांगली. म्हणून अल्पमोली बाटली निवडताना प्रदेशाच्या कीर्तीपेक्षा तोडणीचे वर्ष पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

दक्षिण आफ्रिकेतील शेनिन ब्लां या जातीची कथा काहीशी उलट आहे. ब्रँडी व स्वस्त वाइनसाठी ती तेथे मुबलक लावली गेली होती. तिच्याच जुन्या वेलींतून पुढे दर्जेदार आणि तरीही परवडणारी वाइन मिळू लागली. नाशिक परिसरातील आधुनिक वाइन-उद्योगानेही प्रारंभी शेनिन ब्लां स्वीकारली आणि नंतर दिंडोरीच्या व्हिऑन्येची वाइन बाजारात आली. तेथे हंगाम हिवाळ्यात येतो, तरी दुपारच्या उन्हात आम्लता टिकवण्याची अडचण काँद्रियचीच आहे.

काँद्रियचे क्षेत्र आता सुमारे २०० हेक्टरपर्यंत वाढले आहे. तेथील बाटली महागच आहे, कारण बांध अजूनही हातानेच रचले जातात.