वऱ्हाडचे अरुंद रूळ आणि डिझेलची उपेक्षा

वऱ्हाडासारख्या आटोपशीर मुलखात रुळांच्या तीन रुंद्या एकाच काळी नांदत होत्या, ही गोष्ट वऱ्हाडी माणसाच्या इतकी अंगवळणी पडली होती की त्याला तिचे कधी नवल वाटले नाही. मुंबईहून नागपुरास जाणारी मोठी गाडी १६७६ मिलिमीटरांच्या रुळांवरून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करीत जाई. अकोल्यासच खांडव्याकडून आलेली मीटरगेज पूर्णेकडे उतरत असे. आणि मूर्तिजापुरास फलाटाच्या पलीकडे ७६२ मिलिमीटरांची, म्हणजे अडीच फुटांची, चिमुकली वाट एका हाताने अचलपूर नि दुसऱ्या हाताने यवतमाळ धरून बसलेली होती. ह्या तिसरीलाच लोक ‘शकुंतला’ म्हणत. तिच्यावर प्रेम पुष्कळांनी केले. मी आज तिच्या आयुष्यातल्या अशा एका भागाविषयी लिहिणार आहे, की ज्यावर प्रेम करणारा मला अद्याप भेटावयाचा आहे. तो भाग म्हणजे तिचे डिझेल इंजिन.

आधी रूळ का आले ते सांगायला हवे. अमेरिकेत १८६१ साली यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना एकाएकी वऱ्हाडची आठवण झाली. १८५३ च्या तहाने हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेलाच होता. मोठी रेल्वे १८६७ त नागपुरास पोचली. १८७० च्या मार्चमध्ये लॉर्ड मेयो स्वतः खामगावास आले आणि जलंबपासूनचा आठ मैलांचा फाटा त्यांनी खुला केला. व्हाइसरॉयने आठ मैलांच्या फाट्यासाठी वाट वाकडी करावी, यावरून त्या काळी खामगावच्या कापसाची काय पत होती ते कळते. बडनेऱ्याहून अमरावतीला गेलेला सहा मैलांचा फाटाही त्याच जातीचा.

शकुंतला मात्र उशिरा आली. मुंबईच्या किलिक निक्सन ह्या पेढीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि पुढल्या काही वर्षांत मूर्तिजापूर-अचलपूर हा ७६ किलोमीटरांचा व मूर्तिजापूर-यवतमाळ हा ११३ किलोमीटरांचा मार्ग टाकला. वर्धा जिल्ह्यातला पुलगाव-आर्वी फाटा त्याच कंपनीचा. गाड्या चालवायच्या जी.आय.पी. रेल्वेने आणि मालकी राहायची कंपनीची, असा करार होता. १९५१ त जी.आय.पी. जाऊन मध्य रेल्वे झाली, तरी ह्या रुळांची मालकी कंपनीकडेच राहिली.

शकुंतलेचा कापूस मँचेस्टरला जात असे, हे वाक्य आपल्याकडे जवळजवळ म्हणीसारखे झाले आहे. ते मला पुरते मान्य नाही. यादवी संपली तशी लँकेशायरने पुन्हा अमेरिकेच्या लांब धाग्याकडे तोंड फिरवले. शकुंतला धावू लागली त्या काळात आपल्या आखूड धाग्याची मोठी गिऱ्हाइके म्हणजे मुंबईच्या गिरण्या, युरोप खंडातले देश आणि सर्वांत वरचढ जपान. तेव्हा दर्यापूर-अंजनगावची रुई मँचेस्टरपेक्षा ओसाकाला अधिक ओळखीची असणार. मँचेस्टरचा ह्या मार्गाशी खरा संबंध निराळ्याच वाटेने आला. तिथे १९२१ साली बांधलेले ‘झेड.डी.’ जातीचे वाफेचे इंजिन १९२३ पासून शकुंतला ओढू लागले. ते १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झाले, असे नमूद आहे. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती १६ एप्रिल १८५३ ला. म्हणजे वऱ्हाडच्या ह्या वाटेवरची वाफ विझली तेव्हा त्या घटनेला १४१ वर्षे पुरी व्हायला एकच दिवस उरला होता.

सत्तर वर्षे एका इंजिनाने गाडी ओढली, ही कथा कोणालाही मोहात पाडील अशीच आहे. पाहुणे त्याची छायाचित्रे काढीत. त्याच्यानंतर जे इंजिन आले त्याला ना धूर, ना शिट्टीचा तो सूर. एक पेटी यावी आणि घरघर करीत निघून जावी, इतकेच. आणि तरीही वाफ गेल्यावर वीसेक वर्षे अंजनगावची मंडळी अचलपुरास नि कारंज्याची यवतमाळास गेली ती त्या पेटीच्याच मागे बसून.

डिझेल का आले, याचे उत्तर आपण सहसा ‘काळ बदलला’ असे देऊन मोकळे होतो. पण वऱ्हाडापुरती दोन कारणे अगदी मातीतली आहेत. पहिले पाणी. पूर्णेच्या दोन्ही तीरांवरचा पट्टा हा खारपाणपट्टा. दर्यापूरच्या बाजूला विहीर खणली की खारट पाणी लागते, हे तिथल्या सुनांना लग्नाआधीच सांगून ठेवीत. असले पाणी बॉयलरात उकळले की नळ्यांना आतून क्षाराची पुटे चढतात, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि कोळसा अधिक जळतो. दुसरे कारण कोळसाच. शकुंतलेच्या रुळांवर कोठेही खाण नव्हती. तिचा कोळसा मोठ्या गाडीने मूर्तिजापुरास यायचा, तिथे उतरायचा आणि मग अरुंद मार्गाच्या गाडीत पाट्यांनी चढायचा.

यात एक विचित्र योग आहे. ज्या यवतमाळ जिल्ह्यात ही वाट संपते, त्याच्याच पूर्व टोकाला वणी आहे आणि वणीच्या भुईत कोळसा आहे. १९०५ पर्यंत ह्या जिल्ह्याचे नावच वणीवरून ‘वुण’ असे होते. भूस्तर खात्याच्या थिओडोर ह्यूज यांनी वर्धा खोऱ्यातल्या कोळशावरचा आपला मोठा अहवाल १८७७ साली प्रसिद्ध केला. नदीपलीकडे वरोऱ्याला सरकारी खाण त्या दशकातच सुरू झाली होती. ती १९०६ त बंद पडली आणि बल्लारपूरची खाण पुढे आली. म्हणजे शकुंतलेचे नकाशे आखणाऱ्यांना कोळसा कोठे आहे हे ठाऊक नव्हते असे नव्हे. पण यवतमाळहून वणीला रूळ गेले नाहीत. वणीचा कोळसा आजही माजरीच्या बाजूने बाहेर पडतो. रूळ टाकणाऱ्याला शेतातून बंदरापर्यंत जायचे होते. जिल्ह्याच्या एका टोकाचा कोळसा दुसऱ्या टोकाच्या चुलीला किंवा जिनाला मिळावा, ही गरज त्याच्या हिशेबातच नव्हती.

हा न टाकलेला फाटा गेली काही वर्षे माझ्या डोक्यात आहे, आणि अमरावतीच्या घरी माडीवर तो मी टाकायला घेतला आहे. लाकडी फळीवर, अर्थात. प्रतिकृतींच्या रेल्वेचा नाद पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी संग्रहालयापर्यंत नेला. ते १९९८ पासून लोकांस खुले आहे. माझा संसार तीन मीटरांच्या टेबलापुरता. एका टोकाला यवतमाळ, दुसऱ्या टोकाला वणीची एक कल्पित खाण. साल धरले आहे १९९५. त्याच्या आधीचे धरले तर डिझेल येत नाही, आणि मला तर डिझेलच हवे आहे.

मापांचा हिशेब मोठा मौजेचा आहे. प्रतिकृतींत एकास सत्त्याऐंशी हे प्रमाण फार चालते. ७६२ ला ८७ ने भागा, पावणेनऊ मिलिमीटर येतात. दुसरे एक प्रमाण आहे एकास एकशे साठ. त्यात विलायती रुंदीची, म्हणजे १४३५ मिलिमीटरांची गाडी नऊ मिलिमीटरांच्या रुळांवर धावते. म्हणजे त्या लहान प्रमाणातले जुने डिझेल इंजिन घ्यावे, त्याची वरची पेटी काढून टाकावी आणि खालच्या सांगाड्यावर एकास सत्त्याऐंशीची नवी पेटी चढवावी, की चाकांना कळतही नाही आणि शकुंतलेचे इंजिन तयार होते. आमच्या अकोल्याची मीटरगेज करायची तर बारा मिलिमीटरांचे रूळ लागतील. तो बेत पुढचा. प्रमाणाचा फार अभिमान बाळगण्याचेही कारण नाही. मूर्तिजापूर ते अचलपूर खरोखर प्रमाणात मांडायचे झाले तर टेबल पावणेनऊशे मीटर लांब करावे लागेल.

माझ्याकडची तीन इंजिने परदेशी बनावटीची, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची, जुन्या सामानातून मिळालेली. अशा इंजिनांना बहुधा मरण येत नाही, ती नुसती आखडतात. दातेरी चाकांतले वंगण वाळून मेणासारखे घट्ट होते. ते इसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन काढायचे. मोटारीच्या कॉम्युटेटरवर कार्बनच्या ब्रशांची काळी भुकटी बसलेली असते, ती तांब्याच्या पट्ट्यांमधल्या चिरांतून लाकडी दातकोरण्याने कोरून काढायची. चाकांवरून वीज उचलणारे पितळी पत्रे वाकलेले असतात, ते हलकेच सरळ करायचे. रबराच्या कड्या फुटलेल्या असतात, त्या नव्या घालायच्या. शेवटी सुईच्या टोकावरचे एक थेंब तेल, त्याहून अधिक नाही. इतके केले की पन्नास वर्षे निजलेले यंत्र एकदम उडी मारून धावते.

आणि तिथेच खरी अडचण सुरू होते. ते फार धावते. शकुंतलेचा वेग ताशी वीस किलोमीटरांच्या आसपास. प्रमाणात तो सेकंदाला जेमतेम सहा सेंटिमीटर होतो. माझे तीन मीटरांचे टेबल ओलांडायला तिला पाऊण मिनिट लागले पाहिजे. जुन्या खेळण्यांतली तीन ध्रुवांची मोटार इतक्या मंद गतीला धक्के खाते, थबकते, पुन्हा उसळते. मग दातांचे प्रमाण बदला, सांगाड्यात शिशाचे वजन भरा, आठही चाकांतून वीज घेण्याची सोय करा. एकूण दुरुस्तीतला निम्मा काळ मी इंजिन चालते करण्यात घालवला आणि उरलेला निम्मा ते हळू चालावे म्हणून.

शेजारी राहणारे एक वृद्ध गृहस्थ ऐन उमेदीत ह्याच मार्गावर फायरमन होते. त्यांना मी एकदा टेबलाशी बसवले. पहिले इंजिन सर्रकन गेले तसे ते हसले.

“भाऊ, हे तं मेल झाली. आपली शकुंतला अशी पयत होती काय? मानूस खाली उतरे, बिडी पेटवे, अन् पुन्हा चढून बसे.”

मी विचारले, “काका, वाफेचं इंजिन गेलं तेव्हा वाईट वाटलं असेल?”

“वाटलं नं. पन उन्हाळ्यात भट्टीपाशी उभं राहून पाहा एकडाव. मे महिना, बाहेर पंचेचाळीस, अन् आत त्याहून जास्त. डिझल आलं अन् पाठ शेकायची थांबली. फोटो काढनाऱ्याले काय, तो फोटो काढून चालला जाते.”

ह्या उत्तराने माझ्या मनातला एक जुना वाद मिटवला. वाफेच्या इंजिनाविषयी हळवे होणारे आपण बहुतेक सारे डब्यात बसणारे किंवा फलाटावर उभे राहणारे. भट्टीत फावड्याने कोळसा लोटणाऱ्याचे मत विचारात घ्यायचे तर डिझेलच्या बाजूने चार शब्द लिहिणे भाग आहे.

ते असे. आपल्या अरुंद मार्गांवर डिझेल प्रथम परदेशातून आले. नेरळ-माथेरानच्या दोन फुटी वाटेवर जर्मनीच्या युंग कारखान्याची इंजिने १९५० नंतरच्या दशकातच आली. पुढे चित्तरंजनने देशी इंजिने बांधली. ह्या कारखान्याने १९७२ पर्यंत २३५१ वाफेची इंजिने घडवली आणि वाफेचे काम संपायच्या आधीच डिझेल हायड्रॉलिक हाती घेतले. ती एकंदर ८४२ झाली. वाराणशीच्या इंजिनांत डिझेलने जनित्र फिरते आणि विजेच्या मोटारी चाके फिरवतात. हायड्रॉलिकमध्ये ते काम कोंडलेले तेल करते. एक पंखा तेलाला घुसळतो, ते तेल दुसऱ्या पंख्याला रेटते आणि चाकांना जोर मिळतो. (माझ्या टेबलावरच्या डिझेलात डिझेलचा थेंबही नाही, बारा व्होल्टची वीज आहे, ही गोष्ट घरातल्या मंडळींनी माझ्या पुरेशी नजरेस आणून दिली आहे.)

आता खाणीची गोष्ट. खाणीच्या दाराशी डिझेल शोभते का, असा आक्षेप एका जाणत्या मित्राने काढला, आणि तो पोकळ नाही. जिथे कोळसा पायाशी पडलेला, तिथे वाफ सर्वांत उशिरा मरते. ब्रिटनच्या मुख्य मार्गांवरची वाफ १९६८ च्या ऑगस्टात संपली, पण तिथल्या काही कोळसाखाणींच्या आवारात ती १९८० नंतरही धापा टाकीत होती. तोच न्याय लावला तर यवतमाळ-वणी फाटा खरेच झाला असता तर शकुंतलेला घरचा कोळसा मिळून झेड.डी. इंजिन १९९४ नंतरही टिकले असते, असे म्हणता येईल. पण मला ते पटत नाही. कोळसा घरचा झाला तरी पूर्णेकाठचे पाणी खारटच राहिले असते. शिवाय १९७३ त दगडी कोळशाच्या खाणी सरकारी झाल्या आणि १९७५ पासून वर्धा खोऱ्यातला कारभार वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आला. तिथला कोळसा मुख्यत्वे वीजकेंद्रांसाठी. एका जुन्या गाडीच्या भट्टीसाठी कोणी तो राखून ठेवला नसता. तेव्हा माझ्या खाणीत डिझेलच उभे आहे.

खाणीचे आवार बरेचसे झाले आहे. खऱ्या कोळशाचा एक खडा खलबत्त्यात कुटून चहाच्या गाळणीतून गाळला आणि पातळ फेविकॉलने वाघिणींत बसवला. टब ओढणारा हॉलेजचा दोर शिवणाच्या जाड दोऱ्याचा आहे. यवतमाळच्या टोकाला रुईच्या गाठी आहेत. परतीच्या गाडीत त्या चढतात की नाही, हे मी अजून ठरवलेले नाही, कारण १९९५ पर्यंत कापूस रस्त्यावरच्या ट्रकांनी केव्हाच नेला होता.

खऱ्या मार्गाचे वर्तमान थोडक्यात सांगतो. २०१० नंतरच्या दशकात दोन्ही शाखांवरच्या गाड्या थांबल्या. २०१६ त रुंदीकरणाची घोषणा झाली. अकोल्याच्या मीटरगेजपैकी पूर्णेकडची बाजू २००८ त रुंद झाली. यवतमाळकडे आता वर्ध्याहून मोठी रेल्वे येत आहे. तिचा कळंबपर्यंतचा तुकडा फेब्रुवारी २०२४ त सुरू झाला. अरुंद रुळांवर बाभळी वाढल्या आहेत.

फायरमन काका मागल्या आठवड्यात पुन्हा येऊन गेले. तिसरे इंजिन आता टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला अडतीस सेकंद घेते. त्यांनी घड्याळ लावून पाहिले आणि म्हणाले, “अजून थोडं.” मी पुन्हा दाती बदलायला घेतली आहे.