चरा की तडा?

मागे कारंज्याला गेलो होतो तेव्हा एका दुकानदाराने माझं दोन रुपयांचं नाणं परत केलं. "भाऊ, हे नाही चालत. फुटलं आहे." बघितलं तर काठापासून आकड्यापर्यंत एक वाकडी रेघ. स्टीलचं नाणं फुटेल कसं? दुसरं दिलं आणि हे खिशात टाकलं.

घरी नख फिरवून पाहिलं, तर रेघ नखाला लागत होती. नाण्यावर कुणी चरा ओढला तर तो खोल जातो. उठलेली रेघ टांकसाळीतूनच येते. पोलादी साचा लाखो वेळा दाब सोसून तडकतो, मग त्या फटीत चकतीचा धातू शिरतो. तडा साच्याचा, नाण्यावर फक्त त्याचा ठसा. अशी नाणी २०११ च्या कायद्यानेही चलनातच असतात. पण हे भर बाजारात कुणाला समजावणार!

मग देवघरातली शिवराई आठवली. आमच्याकडे तिची एक गोष्ट आहे. १६७० मध्ये महाराजांनी कारंजा लुटलं, त्या धामधुमीत ती कुणाच्या तरी हातून पडली म्हणे. लहानपणी माझा यावर पूर्ण विश्वास होता. पण राज्याभिषेक १६७४ चा, आणि 'छत्रपति' हे अक्षर त्यानंतरचं. शिवाय आमची शिवराई दुदांडी, म्हणजे मागे दोन समांतर रेघा असलेली. ती तर आणखी पुढची, पेशवाईच्या उतरत्या काळातली. गोष्ट गेली. थोडं वाईट वाटलंच.

तरी मी तिला भिंगाखाली धरलं. ही नाणी हाताने पाडलेली. खालचा साचा पक्का बसवलेला, वर तांब्याची चकती, तिच्यावर दुसरा साचा आणि हातोड्याचा घाव. चकती साच्यापेक्षा लहान, त्यामुळे अक्षरं काठाशी कापली जायची. साचे कोरणाऱ्यांचं शुद्धलेखनही ज्याचं त्याचं, कुठे 'शिव', कुठे 'सिव'. त्या दोन सरळ रेघांना छेदून जाणारी तिसरी, वाकडी रेघ दिसली. साच्याचा तडा!

शिवराईवर सहसा साल नसतं, म्हणून या तड्याला किंमत. तडा घावागणिक वाढत जातो. एकाच साच्याची दोन नाणी मिळाली, तर ज्याच्यावर तडा आखूड ते आधी पाडलेलं, लांब ते नंतरचं. अशी नाणी जुळवत अभ्यासक टांकसाळीच्या कामाचा क्रम लावतात.

आमच्या शिवराईवरचा तडा मात्र कुठे संपतो ते सांगता येत नाही. मध्येच पुसट होतो आणि पुढे तांबं गुळगुळीत. दर सणाला चिंच आणि राख लावून घासलेलं. लहानपणी ते काम माझ्याकडे होतं आणि ती लखलखेपर्यंत मी सोडत नसे.

यंदा दिवाळीला तिला घासू नकोस, असं आईला सांगितलं.

"मग काय देवापुढे काळं नाणं ठेवू?" ती म्हणाली.