सर्दीच्या गोळीचं कूळ

दासगाव बंदराचं नाव इतिहासात आलं ते डिसेंबर १९२७ मध्ये. महाडच्या दुसऱ्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. आंबेडकर बोटीने इथे उतरले आणि पुढे महाडला गेले. आज दासगाववरून महाड एमआयडीसीकडे रसायनांचे टँकर धावतात. तिथल्या एम्बिओ लिमिटेड या कारखान्यात एफेड्रिन आणि स्यूडोएफेड्रिन तयार होतं. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांत असतं ते हेच स्यूडोएफेड्रिन. त्याची मूळ पायरी यीस्टकडून करून घेतात हे कळलं, आणि मी या कुळाच्या मागे लागलो.

आधीच्या पिढ्या सर्वांना ठाऊक आहेत. चिनी वैद्यांची मा-हुआंग म्हणजे एफेड्रा ही वनस्पती. पारशांच्या यस्न विधीतला होमही तीच. जपानच्या नागाई नागायोशींनी १८८५ मध्ये तिच्यातून एफेड्रिन वेगळं काढलं. १९२४ मध्ये चेन आणि श्मिट यांनी त्याचा अॅड्रिनलीनसारखा परिणाम दाखवला आणि जगभरातून मागणी सुरू झाली.

खरी गंमत बर्लिनमध्ये घडली. कार्ल न्यूबर्ग हा माणूस यीस्टच्या कामात मुद्दाम खोडा घालायचा. यीस्ट साखरेपासून आधी पायरुव्हेट बनवतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि उरलेल्या दोन कार्बनच्या तुकड्याची दारू करतं. १९२१ मध्ये न्यूबर्ग आणि हिर्श यांनी या चालत्या कामात बेंझाल्डिहाइड ओतलं. कडू बदामाच्या वासाचं हे द्रव्य यीस्टला परकं, वर विषारी. पण दारू व्हायच्या आधीच तो तुकडा बेंझाल्डिहाइडला जाऊन चिकटला आणि नवाच रेणू तयार झाला: फिनाइल-असिटाइल-कार्बिनॉल, कारखान्यांच्या बोलीत एल-पॅक. रेणूंत डावा-उजवा असा भेद असतो. साध्या रासायनिक कृतीत दोन्हींची खिचडी होते. यीस्टने मात्र औषधाला हवा तोच हात नेमका दिला. १९३० च्या सुमारास क्नोल कंपनीच्या हिल्डेब्रांट आणि क्लावेन यांनी पुढची पायरी जोडली: एल-पॅकला मेथिलअमाइन आणि हायड्रोजन दिला की एफेड्रिन. कृतीचा सांगाडा आजही तोच आहे.

न्यूबर्गला वाटलं की या जोडकामासाठी यीस्टकडे वेगळं विकर असणार. त्याने त्याचं ‘कार्बोलिगेज’ असं बारसंही केलं. पुढे निघालं भलतंच: पायरुव्हेट तोडणारं जे विकर, तेच ही जोडणी करतं. एका कामासाठी घडलेल्या विकराकडून निसर्गाने कधी न सांगितलेलं दुसरं काम करून घेता येतं, ही सिंथेटिक बायॉलॉजीच्या, म्हणजे जीवांना हवं तसं घडवून त्यांच्याकडून माल करून घेण्याच्या, धंद्यातली बीजकल्पना माझ्या मते इथेच रुजली.

यावर दोन दावेदार भांडायला उभे राहतात. पहिला फ्रान्सचा स्तेफान लेद्यूक. १९१२ मध्ये त्याने सिंथेटिक बायॉलॉजी याच नावाचं पुस्तक लिहिलं. पण त्याची ‘झाडं’ क्षारांच्या द्रावणात वाढलेली. जीव त्यात नव्हताच. दुसरा दावा २००० सालचा: जीवाणूंत जनुकांचं बटण आणि घड्याळ बसवणारे दोन निबंध तेव्हा ‘नेचर’मध्ये आले. त्यांचे पाठीराखे म्हणतील, न्यूबर्गने एकही जनुक बदललं नव्हतं. मान्य. त्या दोन निबंधांना विद्येचं जनकत्व खुशाल द्या. धंद्याची कुळी मात्र आंबवणीच्या टाकीतून येते, आणि टाकी न्यूबर्गची.

धंदा शेवटी भावावर चालतो. हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनचंच बघा. ते यीस्टकडून मिळावं म्हणून जे कीसलिंग यांच्या बर्कलीतल्या प्रयोगशाळेत यीस्टची जनुकं बदलण्याचं मोठं काम झालं. २०१३ मध्ये सानोफीने इटलीत गारेसियोला उत्पादन सुरू केलं. पण शेतातल्या आर्टेमिसिया या झाडापासून मिळणाऱ्या मालाचा भाव इतका पडला की तीनच वर्षांत तो कारखाना विकायची पाळी आली. एफेड्रिनचं यीस्ट टिकलं, कारण साखर आणि बेंझाल्डिहाइड दोन्ही स्वस्त. तरी तिथेही कटकट आहेच. बेंझाल्डिहाइड एकदम ओतलं तर यीस्ट मरतं, म्हणून ते बेताबेताने सोडावं लागतं. जीव वाचवायला यीस्ट त्यातल्या काहीचं बेंझाइल अल्कोहोल करून टाकतं. तेवढा माल वाया.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने जैव-उत्पादनाला चालना देणारं बायो-ई३ धोरण मंजूर केलं. २०३० पर्यंत देशाची जैवअर्थव्यवस्था ३०० अब्ज डॉलरवर नेण्याची भाषा आहे. या धंद्याला भवितव्य आहे, यात मला शंका नाही. पण ‘जैविक’ म्हणजे आपोआप स्वच्छ, हे कोणी सांगू लागलं तर मानू नका. आंबवणीच्या सांडपाण्यात सेंद्रिय भार मोठा असतो. नीट प्रक्रिया न होता ते खाडीत गेलं तर पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासळी मरते. महाडचं पाणी सावित्रीतून दासगाववरूनच समुद्राला जातं. तेव्हा उद्या नव्या टाक्या घेऊन कोणी आलं, तर दासगावकरांनी स्वागत जरूर करावं; पण जनुकं कोणती बदलली हे विचारण्याआधी सांडपाण्याचं काय करणार, ते लेखी मागून घ्यावं.